हुरमतबीच्या ओसरीवरच्या पाच चुली

पुण्यात आमच्या घरी दोन गोष्टी कधी कमी पडल्या नाहीत: भावंडं आणि पत्रकं. वडिलांचा छोटासा छापखाना होता. छापून उरलेली पत्रकं रद्दीत घालायची नाहीत, असा त्यांचा दंडक. त्यामुळे मी लहानपणी पत्रकांच्या गठ्ठ्यांवर झोपलो आणि वाचायलाही त्यांच्यावरच शिकलो. अस्पृश्यता हा आपल्या समाजावरचा कलंक आहे, हे वाक्य मला परवचा येण्याआधी पाठ होतं. बाविसाव्या वर्षापर्यंत मी स्वतः सात पत्रकं लिहिली होती. मात्र एकाही अस्पृश्य माणसाच्या शेजारी बसून जेवलो नव्हतो, आणि ही गोष्ट मेहकरला जाईपर्यंत माझ्या ध्यानातही आली नव्हती.

वऱ्हाडात जाऊन आलो म्हटलं की आमचे पुण्याचे स्नेही विचारतात, "तिकडे काय आहे पाहण्यासारखं?" त्यांच्या मते वऱ्हाड म्हणजे कापूस, ऊन आणि 'मले-तुले'. कागदावर मुलूख निजामाचा, कारभार नागपूरचा आणि भाषा आपल्याला हसायला. त्या सर्वांसाठी हे लिहितो आहे. हसून झालं की वाचावं.

मेहकर, सोमवार

खामगावाहून मोटरीने आलो. रस्त्याची हकीकत सांगत नाही. धूळ सगळीकडे सारखीच असते. फाल्गुन लागला होता, पळस पेटले होते आणि गावोगावच्या पोरांनी होळीसाठी लाकडं पळवायला सुरुवात केली होती.

मेहकर डोंगराच्या उतारावर बसलं आहे. वरून खाली गल्ल्या उतरतात आणि पायथ्याशी पैनगंगा. देवळातली काळ्या पाषाणाची विष्णूची मूर्ती पाहिली. पुरुषभरापेक्षाही उंच, इतकी सुबक, की क्षणभर माझ्यासारख्या वादविवाद करणाऱ्याचेही हात जोडले गेले. पण मला मूर्तीपेक्षा तटाने अधिक वेळ उभं केलं. या गावाचा जुना तट कोणा राजाने बांधलेला नाही. इथल्या मोमिनांनी, म्हणजे मुसलमान विणकरांनी, आपल्या कमाईतून बांधला असं लोक सांगतात. पुण्यात प्रत्येक दगडावर एखाद्या सरदाराचा हक्क असतो. इथे हातमागावर बसणाऱ्यांनी गावाला भिंत दिली! मी वेशीखाली उभा राहून टोपी काढली, तेव्हा एक बैलगाडीवाला ओरडला, "सरक ना बाप्पा, नमाज मशिदीत पढ!"

वेशीच्या आत, बाजाराच्या गर्दीत, हुरमतबीचा मुसाफिरखाना. दिवसाला एक आणा. त्यात मिळते ती ओसरीवर एक माणूस आडवा होईल एवढी जागा, एक सुतळीची बाज आणि एक चूल. जेवण मिळत नाही. ज्याने त्याने आपलं रांधायचं.

हुरमतबी साठीच्या. उंच, हाडकुळ्या, तोंडात पान. मी नाव सांगू लागलो तर हात वर करून म्हणाल्या, "नाव नको सांगू. नावं मले ध्यानात राहत नाही. गाव सांग."

"पुणे."

"बस. आजपासून तू पुणं. ती तुही बाज, ती तुही चूल. अन् हे पाह्य, काडी असंन खिशात तर इकडं दे."

माझ्या खिशात स्वदेशी काडेपेटी होती. ती मी अभिमानाने दाखवली, स्वदेशी मालावर दोन शब्दही बोललो. त्यांनी ते ऐकून घेतले आणि काडेपेटी पदराला बांधली.

"आता जेवण कसं करू?" मी विचारलं.

"शेजाऱ्याले इस्तो माग."

इस्तो म्हणजे विस्तव. या घराची रीत अशी. अंगणात कापसाच्या गाड्या मुक्कामाला येतात. एकदा म्हणे कोणी विडी पेटवून काडी फेकली आणि दोन गाड्या जळाल्या. तेव्हापासून इथे काडी ओढायची नाही आणि विस्तव घेऊन अंगण ओलांडायचं नाही. ओसरीच्या एका टोकाला हुरमतबींची स्वतःची चूल. ती कधी विझत नाही, राखेखाली निखारा कायम जिता ठेवलेला असतो. त्यापुढे एका रांगेत मुसाफिरांच्या चुली, आल्या क्रमाने. पहिला मुसाफिर बींकडून खापरीत निखारा घेतो, दुसरा पहिल्याकडून, तिसरा दुसऱ्याकडून. मधे बाजा पसरलेल्या, एक चूल सोडून पुढे जायचं तर अंगणातच उतरावं लागतं. शेवटच्याची भाकरी भाजायची तर विस्तवाला सगळ्यांच्या चुलीतून चालत यावं लागतं.

बारा पुरभय्ये तेरा चुली या म्हणीवर मी एक पत्रक लिहिलं होतं. एवढ्या चुली पाहून माझं रक्त तापलं. एकाच ओसरीवर पाच वेगळ्या चुली! यावर आठवं पत्रक लिहायचं मी तिथल्या तिथे ठरवलं. हुरमतबींना तसं सांगितलंही. त्या म्हणाल्या, "लिव्ह. पण आधी कांदा चिर, भूक लागली असंन."

सोमवार ते बुधवार, ओसरी

रांगेत बींनंतर पहिली चूल होती डोणगावची. हा विशीतला तरुण, अंगात स्वच्छ सदरा, मांडीवर कायम पुस्तक. फायनलच्या परीक्षेला बसायला आला होता. गुरुवार-शुक्रवारी पेपर. ती परीक्षा पास झाला की मास्तरकी मिळते. गेल्या वर्षीही आला होता. तेव्हा राहायला जागा मिळाली नाही, नदीकाठी झाडाखाली पडून राहिला, ताप भरला आणि दुसऱ्या दिवसाचा पेपर हुकला. "यंदा हुकला तर बाबा पुन्हा पाठवणार नाहीत," तो म्हणाला. "भाऊ म्हणतो, दोन वर्षं पुस्तकं खाल्ली, आता भाकर खा."

दुसरी चूल दुसरबीडच्या मावशींची. कुणबी, घरची चांगली शेती. यजमानांच्या डोळ्यात फूल पडलं होतं म्हणून दवाखान्यात आणलं होतं. काकांच्या एका डोळ्यावर पट्टी आणि दुसऱ्यात मिश्कीलपणा. दिसत कमी होतं, पण कोणाच्या भाकरीला पापुद्रा सुटला नाही हे त्यांना आवाजावरून कळायचं.

तिसरी चूल माझी. चौथी खामगावच्या शेटजींची. ते मंगळवारी आले, कापसाच्या तीन गाड्या घेऊन. दर पंधरवड्याला इथेच उतरतात. इतक्या वर्षांत त्यांनी कधी दुसरा मुसाफिरखाना पाहिला नाही, असं बी कौतुकाने सांगायच्या.

माझी पहिली भाकरी तव्यावर दोन तुकडे होऊन पडली. दुसरीला मधे भोक. काका म्हणाले, "पुण्यात भाकरीतून पलीकडचं पाह्यतात काय?" मावशींनी पीठ माझ्या हातातून ओढून घेतलं नाही, फक्त लांबून सांगत राहिल्या: "गरम पाणी घाल. मळ अजून. अरे, जीव खाऊन मळ ना, भाषण करून राह्यला काय?" तिसरी भाकरी गोल झाली. तिच्याबरोबर मावशींनी दिलेलं बेसन. आपण पिठलं म्हणतो त्यात आपण गूळ घालतो. हे बेसन खाल्लं की डोळ्यांतून पाणी येतं आणि माणूस दुसरी भाकरी घेतो. जवसाची चटणी मी इथे पहिल्यांदा खाल्ली. पुण्याच्या खाणावळीत सोवळ्यातला वाढपी दोन हात उंचावरून वाढतो, तसं इथे काही नव्हतं. तशी प्रत्येकाची चूल आपली, पाणीही आपलं. पण संध्याकाळी खापरी पुढे करून "द्या इस्तो" म्हणावंच लागायचं, आणि ते म्हटलं की गोष्टी निघायच्याच. मी मावशींकडून घ्यायचो, मावशी डोणगावकडून, शेटजी माझ्याकडून. त्या तीन दिवसांत मला डोणगावच्या उसाचा भाव, काकांच्या म्हशीचा स्वभाव आणि शेटजींच्या जावयाचे गुण समजले. पुण्यात मी आमच्या शेजाऱ्याचं आडनाव चुकीचं घेत होतो.

बुधवारी पहाटे फिरायला नदीवर उतरलो. पैनगंगेत डोहापुरतं पाणी उरलं होतं. गाव पाणी भरतं त्या जागेच्या बरंच खाली, दगडांमधून डोणगाव वर येत होता, खांद्यावर घागर. मी म्हटलं, "इतक्या लांब का? विहीर वेशीपाशीच आहे. व्यायाम वाटतं?"

त्याने घागर दगडावर टेकवली. माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाला, "विहिरीवर गेलो तर कोणाचा ते विचारतील. तुमचं लिहिलेलं तुम्ही परवा वाचून दाखवलं म्हणून तुम्हाला सांगतो. मी महाराचा आहे. बींनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

मी त्याचा हात धरला. त्याने तो हळूच सोडवून घेतला, कारण घागर घसरत होती.

बुधवार, संध्याकाळ

आता माझी करणी सांगतो.

दिवसभर मला चैन नव्हतं. तीन दिवस एका कुणब्याच्या, एका ब्राह्मणाच्या आणि कालपासून एका वाण्याच्याही चुलीत एका महाराच्या चुलीचा विस्तव येतो आहे! माझ्या सात पत्रकांनी जे केलं नाही ते इथे रोज दोन वेळा घडत होतं, आणि कोणाला पत्ता नव्हता. हे झाकून ठेवायचं? मला वाटलं, सत्य उजेडात आणणं हेच माझं काम.

दिवेलागणीला सगळ्यांच्या खापऱ्या तयार होत्या. मावशी डोणगावकडून निखारा घ्यायला वाकल्या होत्या. मी बाजेवर उभा राहिलो आणि बोलू लागलो. चांगलं बोललो असणार, कारण बाजारातले दोघे-चौघे दाराशी थांबले. मी म्हणालो, "बंधूंनो, आज या ओसरीवर क्रांती झाली आहे! ज्याच्या चुलीचा विस्तव आपण तीन दिवस घेतो आहोत, तो हा आपला महार बंधू..." आणि बोट दाखवलं.

टाळी पडली नाही. मावशींचा हात तसाच राहिला. डोणगाव चुलीतल्या लाकडाकडे पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. सकाळी नदीवर त्याने घागर टेकवून माझ्याकडे पाहिलं होतं, ते पाहणं आता मला कळलं. तो मला पारखत होता, आणि पारखण्यात चुकला होता.

शेटजी उठले. "बी, हे काय ऐकून राह्यलो मी? दोन दिवस तुम्ही मले..."

"मले काय मालूम? म्या विचारलं नव्हतं," हुरमतबी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "काऊन बे पुणं? म्या विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही, चूल जळून राह्यली होती. तुह्या पोटात काऊन दुखलं?"

"पण बी, लाज कसली? अभिमानाची गोष्ट..."

"कोणाचा अभिमान? तुहा का त्याचा? उद्या पेपर कोणाचा हाये, तुहा?"



शेटजींनी निर्वाणीचं सांगितलं. "एक तर हा जाईन, नाही तर मी. नाही तर मले तुमच्या चुलीचा इस्तो वेगळा आणून द्या."

"इस्तो अंगण ओलांडत नाही, शेटजी. कापूस हाये तिथं. तुमचाच हाये."

डोणगाव तोवर उठला होता. त्याने पुस्तक फडक्यात ठेवलं, फडक्याला गाठ मारली. कोणाकडे न पाहता म्हणाला, "बी, मी नदीवर जातो. सवय आहे." मला गेल्या वर्षीचा ताप आठवला. मी बाजेवरून उतरलो, पण पुढे काय करायचं ते कोणत्याच पत्रकात नव्हतं.

तेवढ्यात दुसरबीडच्या मावशी वैतागून म्हणाल्या, "कोठी चालला रे तू? आधी इस्तो दे. बेसनाचं पीठ कालवून ठेवलं म्या, गाठी होतील त्याच्या."

"मावशी, तुम्ही ऐकलं ना, मी..."

"ऐकलं. सारा बाजार ऐकून बसला. मले पहिल्याच दिवशी मालूम झालं होतं. तू घागर घेऊन नदीहून येतो, विहीर दारात असून. एवढं बी दिसत नाही काय? आंधळे हे हायेत, मी नाही."

"एकच डोळा," काकांनी सुधारलं.

शेटजी म्हणाले, "मावशी, तुम्ही कुणब्याच्या. तुम्हाले चालते हे?"

मावशींनी खापरी खाली ठेवली. "शेटजी, तुमचं मूळ गाव कोणतं का असंना, होळी होते ना तिथं? आमच्या दुसरबीडात पाटलाची होळी कोणाच्या इस्त्यानं पेटते? महारवाड्यातली होळी आधी पेटते. तिथून इस्तो येतो, मंग गावची. माह्या सासऱ्यानं आणला, ह्यायनं आणला, आता पोरगा आणते. तो इस्तो आल्याबिगर साऱ्या गावाची होळी काळी राहते. हे काय आज झालं? हा पुणेवाला म्हणते, आज क्रांती झाली!"

शेटजींनी ते नाकारलं नाही. त्यांच्याही गावाची तीच रीत असावी. मग म्हणाले, "होळी वर्सातून एक दिवस असते."

काका बाजेवरून बोलले, "मंग आजच समजा ना. बोंब तर या पुण्यानं मारलीच हाये."

दाराशी उभे असलेले हसले. हुरमतबी हसल्या. मीही हसलो असतो, पण मला तो अधिकार नव्हता. मावशींनी पुन्हा खापरी पुढे केली. "दे. अन् वरची राख झाड, मागच्या टायमाले राखच जास्त आली होती."

डोणगाव उभाच होता. हातात गाठोडं. मग त्याने ते खाली ठेवलं, चुलीपाशी बसला, चिमट्याने चांगला लाल निखारा निवडला, राख झाडली आणि मावशींच्या खापरीत घातला. मावशींच्या चुलीतून तो माझ्या चुलीत आला. शेटजींनी खापरी पुढे केली नाही. त्यांनी फुटाणे आणवले आणि भिंतीकडे तोंड करून खाल्ले.

जेवण झाल्यावर मी डोणगावजवळ गेलो. क्षमा मागायची वाक्यं मी जुळवली होती. त्याने माझ्यापुढे भूगोलाचं पुस्तक टाकलं.

"विचारा," तो म्हणाला. "बोलायचंच आहे तर प्रश्न विचारा."

मी प्रश्न विचारले. त्याला जवळजवळ सगळं येत होतं. एकदा पैनगंगेचा उगम विचारला तेव्हा हसला. "अजिंठ्याच्या डोंगरात. पण वर कोणी भरायचं आणि खाली कोणी, ते पुस्तकात नाही."

गुरुवार, शुक्रवार

पेपरच्या दोन्ही सकाळी त्याला नदीवर जायला लागू नये म्हणून घागर मी घेतली. विहीर जवळ होती आणि मला कोणी अडवणार नव्हतं. तो म्हणाला, "नदीचंच आणा. विहिरीचं गोड लागलं तर शनिवारी तुम्ही नसाल." मी नदीवर गेलो, खालच्या डोहापाशी. भरलेली घागर खांद्यावर घेऊन तो चढ चढताना मी चार वेळा थांबलो. तो ती रोज आणत होता, अभ्यास सांभाळून.

गुरुवारी तो परत आला. हुरमतबींनी विचारलं, "कसा गेला?" "बरा गेला." बींनी पान थुंकलं आणि म्हणाल्या, "माह्या बापजाद्यानं या गावाचा तट बांधला. त्याच्या आत मुसाफिराले जागा नसंन तर तट कायले पाह्यजे?" हे त्यांनी कोणाला उद्देशून म्हटलं नाही, पण शेटजींना नीट ऐकू जाईल असं म्हटलं.

शेटजी गेले नव्हते. कापसाचा सौदा अडला होता. गुरुवारीही फुटाणे. शुक्रवारी संध्याकाळी डोणगाव शेवटचा पेपर देऊन आला. ओसरीवर बेसनाचा आणि भाजलेल्या वांग्याचा वास सुटला. मी भाकरी उलटत होतो, आता बऱ्यापैकी गोल. इतक्यात माझ्या चुलीशेजारी एक खापरी सरकली. शेटजी दुसरीकडे पाहत होते.

"भूक लागली म्हणून घेऊन राह्यलो," ते म्हणाले. "मत बदललं नाही माहं."

माझ्या जिभेवर निदान चार उत्तम वाक्यं आली. मावशी माझ्याकडे पाहत होत्या. बी पाहत होत्या. डोणगावही. मी चांगला लाल निखारा निवडला, राख झाडली आणि खापरीत घातला. आयुष्यात केलेल्या कोणत्याही भाषणाचा मला इतका अभिमान वाटलेला नाही.

शनिवारी निघताना बींनी पदराची गाठ सोडून माझी स्वदेशी काडेपेटी परत दिली. मी ती त्यांच्याच कोनाड्यात ठेवून आलो.

पुणे

पुण्याला आल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी पोस्टकार्ड आलं. दोनच ओळी: "पास झालो. पैनगंगेचा प्रश्न आला होता." खाली पूर्ण नाव, ठळक, सुवाच्य, मास्तराला शोभेल असं. ते वाचून मी छापखान्यातल्या खिळ्यांच्या पेटीवर बसकण मारली आणि ते पुन्हा वाचलं.

वडिलांनी कार्ड वाचलं. "हे आठवं पत्रक कर," ते म्हणाले. "नाव घाल, गाव घाल, परीक्षा घाल. नावाशिवाय मजकुराला वजन येत नाही." जन्मात पहिल्यांदा मी त्यांचं ऐकलं नाही.

ज्या गावात विणकर तट बांधतात, जिथे एक कुणबी मावशी होळीच्या रिवाजाने माझी सात पत्रकं खोटी पाडते, त्या मुलखाचं नाव मी मोठ्याने घेतो. मेहकर. वऱ्हाड. हसायचं असेल त्याने आता हसावं. पण डोणगाव हे त्या तरुणाचं गाव नव्हे, ते मी बदललं आहे. तो आज कुठल्या शाळेत फळ्यापुढे उभा आहे, ते मला ठाऊक आहे. त्याची जात मी एकदा बाजेवर उभा राहून सांगितली, तो अधिकार माझा नव्हता. नाव सांगायचं तेव्हा तो स्वतः सांगेल.